हवें म्हणण्याची रीत

दिवाळीच्या सुटींत धाराशिवास एका स्नेह्यांकडे चार दिवस राहण्याचा योग आला. गांवाचें उस्मानाबाद हें नांव सरकारी कागदांतून २०२३ सालीं गेलें आणि धाराशिव हें जुनें नांव परत आलें. परंतु त्या घरांतील मंडळी पूर्वीपासून धाराशिवच म्हणत आल्यामुळें त्यांना या बदलाचें विशेष असें कांहीं वाटलें नव्हतें. सकाळचा फराळ आटोपल्यावर स्नेह्यांची थोरली कन्या एक वही घेऊन आमच्यापुढें येऊन बसली. परिचारिकेचा अभ्यासक्रम पुरा करून ती सध्यां पुण्यास जपानी भाषा शिकत आहे. आम्हींहि कांहीं वर्षांपूर्वीं त्या भाषेच्या आरंभींच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, हें तिला ठाऊक होतें.

"काका, एका वाक्याचा निर्णय लागत नाहीं," ती म्हणाली. "व्याकरण बरोबर आहे असें बाई म्हणतात, पण वाक्य खरें आहे कीं नाहीं, तेंच मला कळत नाहीं."

वाक्य लहानसेंच होतें: ‘निहोन ए इकिताइ देसु.’ म्हणजे, मला जपानला जायचें आहे.

व्याकरणाच्या शंका आम्हीं पुष्कळ ऐकल्या आहेत, पण स्वतःचेंच वाक्य खरें कीं खोटें अशी शंका घेऊन कोणी विद्यार्थी येईल असें कधीं वाटलें नव्हतें. त्या शंकेचा उलगडा करतां करतां आमचेंच थोडें शिक्षण झालें. तें वाचकांपुढें ठेवावें, म्हणून या महिन्याचें हें पान.

जपानी भाषा आणि धाराशिव यांचा संबंध काय, असें कित्येक विचारतील. तो गेल्या कांहीं वर्षांतला आहे. जपानांत वृद्धांची संख्या फार वाढली आहे. २०२३ सालीं तेथील लोकसंख्येंत ६५ वर्षांवरील माणसांचें प्रमाण सुमारें २९ टक्के होतें. त्यांची शुश्रूषा करण्यास त्या देशांतले हात पुरत नाहींत. यासाठीं, आणि अशाच दुसऱ्या कांहीं ठराविक व्यवसायांसाठीं, परदेशी कुशल कामगारांना घेण्याची नवी योजना जपान सरकारनें एप्रिल २०१९ मध्यें सुरू केली, आणि जानेवारी २०२१ मध्यें भारताशीं त्यासंबंधीं करार झाला. या योजनेच्या पहिल्या वर्गांत एकूण ५ वर्षांपर्यंत राहतां येतें. कुटुंबास बरोबर नेतां येत नाहीं. भाषेची अट अशी कीं, जपानी भाषेच्या परीक्षेंतील ‘एन ४’ ही पायरी किंवा तिच्या तोडीची दुसरी एक परीक्षा उत्तीर्ण झालें पाहिजे. शुश्रूषेच्या कामासाठीं त्या विषयाची निराळी परीक्षा असते. ‘एन ५’ ही अगदीं खालची पायरी आणि ‘एन १’ ही सर्वांत वरची. १९८४ सालीं सुरू झालेली ही परीक्षा जुलै आणि डिसेंबर या महिन्यांच्या पहिल्या रविवारीं होते, आणि पुणें हें तिचें एक केंद्र आहे. तींत वाचणें आणि ऐकणें यांचीच पारख होते. बोलण्याची परीक्षा नाहीं. म्हणजे ‘मला हवें’ हें वाक्य विद्यार्थ्यास ओळखतां येतें कीं नाहीं एवढेंच तपासलें जातें. तें त्याच्या तोंडून निघतें कीं नाहीं, हा प्रश्न नोकरीच्या मुलाखतींत प्रथम उभा राहतो.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. ‘मिन्ना नो निहोन्गो’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पाठ्यपुस्तकांत इच्छा व्यक्त करण्याची रीत तेराव्या पाठांत येते. तिचे भाग दोन. एखादी वस्तु हवी असेल तर ‘होशिइ’ हा शब्द, आणि एखादी क्रिया करायची असेल तर क्रियापदाला ‘ताइ’ हा प्रत्यय.

पहिल्या भागाचें उदाहरण: ‘वाताशि वा मिझु गा होशिइ देसु.’ वाताशि म्हणजे मी, मिझु म्हणजे पाणी. इंग्रजीच्या वळणानें पाहणाऱ्याला येथें पहिली ठेंच लागते. इंग्रजींत इच्छा करणारा ‘मी’ हा कर्ता, आणि पाणी हें त्याचें कर्म. म्हणून इंग्रजी माध्यमांत शिकलेलीं आमचीं मुलें पाण्याला कर्माचा ‘ओ’ हा प्रत्यय लावून ‘मिझु ओ होशिइ’ असें लिहितात आणि गुण गमावतात. ‘होशिइ’ हें क्रियापद नव्हेच. ‘थंड’, ‘गोड’ यांसारखें तें विशेषण आहे, आणि तें ज्याला लागतें ती हवी असलेली वस्तु ‘गा’ हा प्रत्यय घेऊन वाक्यांत पुढें बसते. शब्दशः अर्थ सांगायचा तर, ‘माझ्यापुरतें म्हणाल, तर पाणी हवेंसें आहे.’

हीच मुलें मराठीच्या वाटेनें गेलीं असतीं तर ठेंचाळलीं नसतीं. आपण ‘मला आंबा हवा’, ‘मला वही हवी’, ‘मला पुस्तक हवें’ असें म्हणतों. मागणारा एकच आहे, तरी शब्दाचें रूप तीन वेळां बदललें. कारण तें मागणाऱ्याच्या मागें जात नाहीं, मागितलेल्या वस्तूच्या मागें जातें. ‘पाहिजे’ या शब्दांत तर ही गोष्ट अधिकच स्पष्ट आहे. जुन्या मराठींत ‘कीजे’, ‘बोलिजे’, ‘म्हणिजे’ अशीं कर्मणि रूपें होतीं. ‘पाहिजे’ हें त्यांतलेंच एक, ‘पाहणें’ या धातूपासून झालेलें. मूळचा भाव ‘पाहिलें जावें’ असा. जुनीं रूपें बहुतेक गेलीं, हें मात्र रोजच्या बोलण्यांत टिकून राहिलें. अर्थात् मराठींत हवें म्हणणारा माणूस वाक्याचा धनी नसतो. इच्छा ही त्यानें केलेली गोष्ट नव्हे, त्याला झालेली गोष्ट आहे. तहान लागते, भूक लागते, आठवण येते, तसेंच हवेंसें होतें.

धाराशिवच्या मुलाला तर हें वळण चहूंकडून ऐकूं येतें. उमरग्याच्या बाजूस गेलें कीं कानडी बोलणारा ‘नननगे’ नव्हे, ‘ननगे नीरु बेकु’ म्हणतो. म्हणजे ‘मला पाणी हवें’. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत असल्यामुळें ज्या वडीलधाऱ्यांनीं लहानपणीं शाळेंत उर्दूचे धडे गिरविले, ते ‘मुझे पानी चाहिए’ म्हणत आले. तिन्ही भाषांत ‘मी’ बाजूला सरून ‘मला’ होतो. जपानींत ‘ला’ हा प्रत्यय येथें लागत नाहीं, एवढा भेद मराठी विद्यार्थ्यानें ध्यानांत ठेवावा. बाकी पाण्याला मान देण्याची रीत तीच. शब्दांचा क्रमहि आपलाच आहे, क्रियापद शेवटीं आणि प्रत्यय शब्दाच्या मागें. म्हणून आमचें विद्यार्थ्यांना सांगणें असें कीं, जपानीकडे इंग्रजीच्या वळशानें जाऊं नये. आपल्या घराच्या मागच्या दारानें जावें, तें जवळ पडतें. मूळचे मराठी असलेले योगेन्द्र पुराणिक हे २०१९ सालीं टोकियोंतील एडोगावा विभागाच्या लोकनियुक्त सभेवर निवडून आले. परक्या भाषेंत मतें मागण्यापर्यंत ज्याची मजल जाते, त्यानेंहि आरंभ ‘हवें’ आणि ‘नको’ यांपासूनच केलेला असतो.

दुसरा भाग क्रियेचा. ‘इकिमासु’ म्हणजे जातों. त्यांतील ‘मासु’ काढून ‘ताइ’ लावलें कीं ‘इकिताइ’, जायचें आहे. तसेंच ‘ताबेताइ’ खायचें आहे, ‘नोमिताइ’ प्यायचें आहे, ‘मिताइ’ पाहायचें आहे. हा प्रत्यय लागला कीं क्रियापदहि विशेषणासारखें चालूं लागतें: ‘इकिताकुनाइ’ जायचें नाहीं, ‘इकिताकात्ता’ जायचें होतें. पाणी प्यायचें असेल तर ‘मिझु गा नोमिताइ’ आणि ‘मिझु ओ नोमिताइ’ हीं दोन्ही चालतात. आणि विशेष हें कीं, ‘वाताशि’ म्हणजे ‘मी’ हा शब्द बहुधा उच्चारावाच लागत नाहीं. नुसतें ‘इकिताइ’ म्हटलें कीं तें बोलणाऱ्याचेंच समजावयाचें. दुसऱ्या कोणाचें तें असूंच शकत नाहीं. याचें कारण पुढें येईल.

रूपें सोपीं आहेत. तीं कोठें वापरावीं हें मात्र शिकावें लागतें. दुकानांत गेल्यावर ‘मला पाणी हवें आहे’ असें जपानी माणूस म्हणत नाहीं; ‘मिझु ओ कुदासाइ’, म्हणजे ‘पाणी द्या’, एवढेंच म्हणतो. वडील माणसाला किंवा पाहुण्याला ‘तुम्हांला चहा हवा आहे का’ असें ‘होशिइ’ किंवा ‘ताइ’ लावून विचारणें तेथें असभ्यपणाचें समजतात. त्या ऐवजीं ‘इकागा देसु का’, म्हणजे ‘कसें काय, घेणार का’, असें विचारावें. आमच्या जुन्या घरांतून वाढलेल्यांना यांत नवल वाटणार नाहीं. ‘चहा हवा आहे का’ असें पाहुण्यास विचारणें म्हणजे चहा न देण्याची तयारी, असें आमच्या आज्या म्हणत. त्या ‘चहा घेतां ना’ म्हणून पेलाच पुढें करीत. स्वतःची इच्छा मवाळ करण्याची युक्ति मात्र दोघांची निराळी आहे. आपण ती भूतकाळांत नेऊन ठेवतों: ‘जरा बोलायचें होतें’, ‘दोन दिवसांची सुटी हवी होती’. इच्छा आतांची, काळ कालचा. जपानी माणूस काळ बदलत नाहीं. तो वाक्य अर्धेंच सोडतो. ‘यासुमिताइन् देसु गा’, म्हणजे ‘मला सुटी घ्यायची आहे, पण’, आणि येथें थांबतो. पुढचें ऐकणाऱ्यानें ओळखावयाचें.

नकाराची गोष्ट तशीच. आपला ‘नको’ हा लहानसा शब्द इतका सोयीचा आहे कीं, हैदराबादच्या दखनी उर्दूनेंहि तो ‘नक्को’ म्हणून आपलासा केला. जपानी माणूस ‘होशिकुनाइ’ असें तोंडावर सहसा म्हणत नाहीं. वाढप्याला ‘केक्कोउ देसु’, म्हणजे ‘पुरे, छान आहे’, आणि आमंत्रणाला नुसतें ‘च्योत्तो’, म्हणजे ‘जरासें’, असें म्हणून तो गप्प राहतो. ‘जरासें’ काय, हें विचारावयाचें नसतें.

येथवर आमची शिष्या आमच्या पुष्कळ पुढें होती. तिची अडचण याच्या पलीकडची होती, आणि ती तिच्या पुण्याच्या बाईंनीं उत्पन्न केली होती. मुलाखतीची तालीम म्हणून बाईंनीं विचारलें, ‘नाझे निहोन दे हाताराकिताइ देसु का?’ जपानांत काम करावें असें तुला कां वाटतें? मुलीनें उत्तर दिलें तें असें: वडिलांवर भार आहे, धाकट्या भावाचें अभियांत्रिकीचें शिक्षण आहे, घराचें राहिलेलें काम आहे. बाईंनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "मग हें ‘इकिताइ’ आहे कीं ‘इकानाकेरेबा नारिमासेन’ आहे?"

या दुसऱ्या लांबलचक रूपाचा शब्दशः अर्थ ‘न गेल्यास चालत नाहीं’ असा. म्हणजे जाणें भाग आहे. जपानींत इच्छा आणि कर्तव्य यांचीं रूपें एकमेकांपासून इतकीं दूर आहेत कीं, एकाच्या जागीं दुसरें चुकूनहि येऊं शकत नाहीं. मराठींत तसें नाहीं. ‘मला उद्यां सोलापूरला जायचें आहे’ असें कोणी म्हणालें, तर तो हौसेनें जात आहे कीं कोर्टाची तारीख आहे म्हणून जात आहे, हें वाक्यावरून कळत नाहीं. ‘पाहिजे’चें तेंच. ‘मला पुस्तक पाहिजे’ ही इच्छा, आणि ‘मला गेलें पाहिजे’ ही सक्ति, शब्द एकच. आपल्या भाषेनें ओढ आणि ओझें यांना एकाच पिशवींत घातलें आहे. ‘मला स्वयंपाक करायचा आहे’ असें बायका जन्मभर म्हणत आल्या. त्यांत करावासा वाटतो किती आणि करावा लागतो किती, हें कोणी निवडून पाहिलें नाहीं, आणि बहुधा त्यांनीं स्वतःहि नाहीं. आम्ही मराठीला दोष देत नाहीं. जेथें कर्तव्यच आवडीचें होऊन जातें अशीं घरें आम्हीं पाहिलीं आहेत, आणि त्या घरांना हा एकच शब्द पुरतो. पण ज्या मुलीला पांच वर्षें परक्या देशांत एकटीनें राहावयाचें आहे, तिला तो पुरत नाहीं. बाईंनीं तिला दोन पिशव्या दिल्या, आणि कोणत्या पिशवींत काय घालावें हें तिला उमजेना.

तिसरा धडा अजून राहिला होता. मुलीच्या वहींत आणखी एक वाक्य खोडलेलें होतें. ‘आईला वाटतें कीं मीं जपानला जावें’ अशा अर्थाचें तें वाक्य तिनें ‘हाहा वा वाताशि नि इत्ते होशिइ देसु’ असें लिहिलें होतें. त्यावर बाईंची तांबडी रेघ. कारण असें कीं, ‘होशिइ’ आणि ‘ताइ’ हीं रूपें, साध्या विधानांत, बोलणाऱ्याच्या स्वतःच्या मनापुरतींच चालतात. दुसऱ्याच्या मनांत काय आहे हें आपल्याला दिसत नाहीं. दिसतें तें त्याचें वागणें, ऐकूं येतें तें त्याचें बोलणें. म्हणून दुसऱ्याबद्दल सांगतांना ‘इकितागात्ते इमासु’ म्हणावें, म्हणजे जाण्याची इच्छा त्याच्या वागण्यांत दिसते; किंवा ‘इकिताइ तो इत्ते इमासु’ म्हणावें, म्हणजे जायचें आहे असें तो म्हणतो. मराठींत आपण ‘त्याला जायचें आहे’, ‘तिला कांहीं नको’ असें खुशाल म्हणतों, आणि व्याकरण आपल्याला अडवीत नाहीं.

मुलगी परिचारिका असल्यामुळें हा नियम तिला लौकर पटला. रुग्णाच्या नोंदींत तो स्वतः काय सांगतो तें एका ठिकाणीं आणि आपल्याला काय दिसतें तें दुसऱ्या ठिकाणीं लिहावें, हें तिच्या शिक्षणांत तिनें घोकलें होतें. ‘रुग्णाला जेवण नको आहे’ आणि ‘जेवण नको असें रुग्ण म्हणाला’ या दोन वाक्यांत किती अंतर आहे, तें रात्रपाळी केलेल्या माणसाला सांगावें लागत नाहीं. पहिल्या वाक्यावरून ताट परत जातें. दुसऱ्यावरून कोणी तरी पुन्हां विचारायला येतें. ज्या वृद्धांची सेवा करण्यास ती जाणार, त्यांच्या बाबतींत हा भेद औषधाइतकाच महत्त्वाचा ठरेल.

"मग आईचें वाक्य कसें दुरुस्त केलेंस?" आम्हीं विचारलें.

"‘असें आई म्हणते’ हें शेवटीं जोडायचें होतें. बाईंनीं विचारलें, आई तसें म्हणाली का? आणि काका, मला आठवेना. आई तसें कधीं म्हणालीच नाहीं. तिला कोणीं विचारलेंच नाहीं. मीहि नाहीं."

त्या दिवशीं संध्याकाळीं जें झालें तें स्नेह्यांच्या अनुमतीनें लिहीत आहों. एका मध्यस्थानें सर्व व्यवस्थेसाठीं मोठी रक्कम मागितली होती, आणि ती देण्यासाठीं शेतावर कर्ज काढावें असें स्नेह्यांच्या मनांत होतें. कागद दिवाळीनंतर व्हावयाचे होते. ओसरीवर तोच विषय निघाला. स्नेही आपल्या वडिलांना म्हणाले, "अण्णा, काढतों कर्ज. तिला जायचें आहे, मग मागें कां सरायचें?"

आजोबांचें वय नव्वदीच्या जवळ आलें आहे. लहानपणीं शिकलेली उर्दू त्यांच्या जिभेवरून अजून गेलेली नाहीं. त्यांनीं नातीकडे पाहिलें आणि विचारलें, "जाना है, कीं जाना चाहती है?"

जो भेद दाखवायला पुण्याच्या बाईंना तेरावा पाठ लागला, तो म्हाताऱ्यानें निजामाच्या शाळेंतून आणलेल्या चार शब्दांनीं दाखविला. मुलगी पहिल्यानें हंसली. मग गंभीर झाली. ती म्हणाली, "आजोबा, दोन्ही आहे. म्हाताऱ्या माणसांचें काम मला आवडतें. तिकडे तें कसें करतात तें मला पाहायचें आहे, शिकायचें आहे. हें माझें. पण बाबांनीं कर्ज काढलें, तर पहिल्या दिवसापासून तें फेडायचें होईल. मग माझें तेवढें त्याच्याखालीं जाईल."

स्नेही म्हणाले, "तुझ्या आईलाहि हेंच हवें आहे, म्हणून तर..."

मुलीनें त्यांना वाक्य पुरें करूं दिलें नाहीं. "बाबा, आईला विचारूं या."

वहिनी आंत वाती वळीत बसल्या होत्या. त्यांना बाहेर बोलावलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "माझें काय विचारतां? तुम्ही ठरवाल तें." हें उत्तर या देशांत इतक्या घरांत इतक्या वेळां दिलें गेलें आहे कीं, त्यावर विषय संपतो. पण मुलगी तशीच उभी राहिली, आणि आजोबाहि कांहीं बोलले नाहींत. पुष्कळ वेळानें वहिनी म्हणाल्या, "तिनें जावें असें मला वाटतें. पण फेडण्यासाठीं जाऊं नये. कर्ज नको."

त्या घरांत त्यांचा ‘नको’ असा सर्वांसमक्ष आम्हीं प्रथमच ऐकला. स्नेह्यांना तो थोडा लागला, हें त्यांच्या चेहऱ्यावर दिसलें. आणि आम्हीं ‘दिसलें’ असेंच म्हणतों, कारण नियम आतां आम्हांलाहि कळला आहे. ते उठून अंगणांत गेले आणि बऱ्याच वेळानें परत आले. रात्रीं जेवतांना त्यांनीं सांगितलें कीं, शेताचे कागद करावयाचे नाहींत. डिसेंबरांत मुलीनें ‘एन ४’ची परीक्षा द्यावी, मग मध्यस्थाशिवाय, सरळ मार्गानें आणि झेपेल एवढ्या खर्चांत जी वाट निघेल ती पाहावी. एखादें वर्ष उशीर झाला तर होईल. धाकट्याचें शिक्षण हा आपला भार, तिचा नव्हे. हें शेवटचें वाक्य बोलतांना ते ताटाकडे पाहत होते.

दुसऱ्या दिवशीं आम्ही सर्वजण तुळजापुरास देवीच्या दर्शनास गेलों. तेथील गर्दींत माणूस आपल्या मनांतलें मागणें कसें उघड करतो तें पाहण्यासारखें असतें. जो घरीं ‘मला काय हवें असणार’ म्हणतो, तोच देवीपुढें ‘मुलाला नोकरी लागूं दे’, ‘पाऊस पडूं दे’ असें स्पष्ट म्हणतो आणि नवस बोलतो. जपानांतहि देवळांतून लांकडाच्या लहान फळ्या मिळतात, त्यांना ‘एमा’ म्हणतात. त्यांवर आपली इच्छा लिहून त्या तेथेंच टांगून ठेवतात. ७ जुलैच्या तानाबाताच्या सणाला कागदाच्या रंगीत पट्ट्यांवर मागणें लिहून त्या बांबूच्या फांदीला बांधतात. तेथें मात्र ‘ताइ’ हें रूप एकटेंच येत नाहीं. ‘यो नि’ हें शेवट असलेलें वाक्यहि फार असतें. परीक्षेंत उत्तीर्ण होवो, घरचीं माणसें निरोगी राहोत, असा त्याचा भाव. आणि गंमत अशी कीं, या रूपानें दुसऱ्यासाठीं कांहीं मागावयास कसलीच आडकाठी नाहीं. दुसऱ्याच्या वतीनें ‘त्याला हवें आहे’ असें सांगणें मना. दुसऱ्यासाठीं ‘त्याचें भलें होवो’ असें मागणें मोकळें. आईबापांनीं मुलांच्या बाबतींत कोणती भाषा बोलावी, याचें यापेक्षां चांगलें व्याकरण आम्हांस ठाऊक नाहीं.

वाचकांस आमची एकच सूचना आहे. जपानी शिकावयाची नसली तरी चालेल. पण येत्या महिन्याभरांत घरांत एखादी मोठी गोष्ट ठरत असेल, मुलीचें लग्न, मुलाची शाखा, म्हाताऱ्या आईचें गांवाहून शहरांत येणें, तर ‘तिला हें हवें आहे’ असें म्हणण्यापूर्वीं ‘तसें ती म्हणाली आहे का’ हें आठवून पाहावें. आठवत नसेल तर विचारावें. आणि पहिलें उत्तर ‘माझें काय’ असें आलें तर उठून जाऊं नये, थोडें थांबावें.

निघतांना मुलीनें वही पुन्हां दाखविली. ‘निहोन ए इकिताइ देसु’ हें वाक्य तिनें खोडलें नव्हतें. त्याच्याखालीं मात्र तिनें आईचें वाक्य नव्यानें लिहिलें होतें, आणि शेवटीं ‘तो इत्ते इमासु’, म्हणजे ‘असें म्हणते’, हे शब्द जोडले होते. आम्हीं त्यांतलें एक अक्षर सुधारलें. बाकी वाक्य बरोबर होतें.